उंच बाईंची खुर्ची

माणूस खोटं बोलेल, कागद खोटं बोलेल, पण माप कधी खोटं बोलणार नाही, हे चंदर भोईर यांचं जीवनसूत्र होतं. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी नोकरीची सगळी वर्षं तपासणी खात्यात काढली. समोर बोल्ट यायचा, चंदरभाऊ त्याला गेज लावायचे, बसला तर पास, नाही बसला तर भंगार. जगातली कुठलीही गोष्ट या दोन ढिगांपैकी एकात टाकता येते असं त्यांचं ठाम मत होतं आणि निरोप समारंभात त्यांनी ते माइकवरून सांगितलंही होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण मागे जेवणाची भांडी उघडली होती.

तर असे हे मापाचे उपासक एका सकाळी बदलापुरातल्या आपल्या स्वयंपाकघराच्या दारात, हातात टेप ताणून, एक डोळा मिटून, पाठमोऱ्या बायकोच्या रोखानं उभे होते.

वेणूबाई ओट्याशी बसून मेथी निवडत होत्या. मान न वळवता त्यांनी विचारलं, "कसलं माप घेताव?"

"फ्रिजचं," चंदरभाऊ म्हणाले.

फ्रिज हॉलमध्ये होता.

एवढ्या सच्च्या माणसावर असं उघडंनागडं खोटं बोलायची पाळी का यावी? तर त्याला कारण होतं उन्नतीची हळद. उन्नती ही वेणूबाईंच्या भावाची मुलगी, खरवईची. आणि वेणूबाई धवलारीण, म्हणजे लग्नाची धवलं, गाणी, म्हणणाऱ्या. आगरी लग्नात मांडव असतो, बँजो असतो, ड्रोन असतो, हल्ली नवरा-नवरीच्या अंगावर धूर सोडणारं एक यंत्रही असतं. पण धवलारीण बसून धवलं गायल्याशिवाय हळद म्हणून लागत नाही. खरवईपासून बारवी धरणाच्या वाटेवरच्या पाड्यांपर्यंत निम्म्या संसारांची सुरुवात वेणूबाईंच्या आवाजानं झालेली होती. पुढे त्या संसारांचं काय झालं याची जबाबदारी त्या घेत नसत.

आवाज मोठा होता आणि तो ठेवायला देवानं जागाही तशीच ऐसपैस दिली होती. वेणूबाई मांडवात बसल्या की मांडव भरल्यासारखा वाटायचा. पण मग गुडघ्यांनी संप पुकारला. घरातल्या घरात भिंत धरून चालणं एवढंच उरलं. त्यातच एका बारशाला यजमानांनी मोठ्या मानानं प्लास्टिकची खुर्ची पुढे केली, वेणूबाई बसल्या, आणि खुर्चीनं चारही पाय पसरून सावकाश साष्टांग नमस्कार घातला. हसलं कोणीच नाही. सगळ्यांनी एकदम दुसरीकडे बघितलं. ते दुसरीकडे बघणं वेणूबाईंना हसण्यापेक्षा जास्त लागलं. मग चौघांनी उचलून रिक्षेत बसवलं. त्या दिवसापासून त्या दाराबाहेर पडल्या नव्हत्या.

भाऊ आमंत्रण घेऊन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "दुसरी कोनी बघा. नायतर मोबाइलवर लावा गानी. हल्ली सगला मिलतो."

भाऊ लगेच उठला. चहाही त्यानं अर्धाच प्यायला. तो गेल्यावर वेणूबाई बराच वेळ भांडी घासत राहिल्या. ती आधीच घासलेली होती.

चंदरभाऊंनी हे पाहिलं आणि मनाशी ठरवलं, व्हीलचेअर आणायची. अशी की ती बसेल, वाकणार नाही, आणि ही मांडवात राणीसारखी जाईल. आता खुर्ची म्हटली की माप आलं. आणि वेणूबाईंचं माप हा त्या घरातला असा विषय होता की त्यावर गेल्या चाळीस वर्षांत कोणी तोंड उघडलं नव्हतं. शिंपीसुद्धा जुन्या ब्लाऊजवरून नवा शिवायचा आणि जे काय वाढवायचं ते आपल्या जबाबदारीवर वाढवायचा.

सून जिज्ञासा म्हणाली, "बाबा, आईंना सरळ सांगा ना. दोन मिनिटांचं काम आहे."

"जिज्ञासा," चंदरभाऊ गंभीरपणे म्हणाले, "कारखान्यात आम्ही बोल्टाला विचारून माप घेत नसू."

"आई बोल्ट नाहीत, बाबा."

हा मुद्दा त्यांना मान्य होता. म्हणून ते सल्ला घ्यायला समोरच्या दारी गेले.

समोर धोंडिबा कांबळे राहत. रेल्वेच्या पार्सल खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे कुठलीही वस्तू कुठेही जाऊ शकते यावर त्यांची गाढ श्रद्धा होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "भोईर, माणसाचं माप घेऊच नका. माणूस जिथं बसतो त्या जागेचं घ्या. वहिनी दिवाणावर कुठं बसतात?"

"खिडकीशी."

"खड्डा पडला असेल ना?"

चंदरभाऊंना वाटलं, हा माणूस पार्सल खात्यात उगाच कुजला. दुपारी वेणूबाई उठून आत गेल्याबरोबर दोघांनी दिवाणावर धाव घेतली. धोंडिबांनी टेपचं एक टोक धरलं, चंदरभाऊंनी दुसरं, आणि दोघं खड्ड्याच्या काठांवरून असं मोजू लागले की जणू खाली धरणच बांधायचं आहे. माप मिळालं. ते शास्त्रशुद्ध होतं. फक्त ती गादी लग्नातली होती आणि मुलगा कल्पेश लहानपणी त्याच जागी उभा राहून खिडकीतून येणाजाणाऱ्यांना हाका मारत असे. त्या खड्ड्यात कोणाचा वाटा किती हे आता ठरवणं अशक्य होतं. तेवढ्यात वेणूबाई परत आल्या.

"काय चाललंय?"

"ढेकूण," धोंडिबा तत्परतेनं म्हणाले.

संध्याकाळी वेणूबाईंनी अख्खी गादी उन्हात घालायला लावली. ऊन गेलेलं होतं, पण तो मुद्दा काढायची कोणाची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी चंदरभाऊ खड्ड्याचं माप खिशात घालून उल्हासनगरला, कॅम्प चारला गेले. तिथं पहलाज शेठचं दुकान होतं. दुकानात काठ्या, कुबड्या, कमोडच्या खुर्च्या आणि छताला उलट्या टांगलेल्या व्हीलचेअर, आणि गल्ल्यामागे पहलाजची म्हातारी आई माळ ओढत बसलेली.

"आओ साईं. किसके लिए?"

"एका बाईंसाठी," चंदरभाऊ म्हणाले. 'बायकोसाठी' म्हणायचं त्यांनी रस्ताभर पाठ केलं होतं, पण ऐनवेळी ते मर्यादेला सोडून वाटलं.

"कैसी है बाई?"

चंदरभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. "जरा... भारदस्त आहेत."

"वो क्या होता है?"

"म्हणजे खात्यापित्या घरच्या."

"खाना तो सब खाते हैं, साईं. बॉडी बोलो, बॉडी. मोटी है?"

चंदरभाऊंच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. ज्या बाईच्या धवल्यांनी निम्मा तालुका बोहल्यावर चढला, तिला भर दुकानात हा शब्द! त्यांनी मान ताठ केली आणि बायकोची अब्रू वाचवण्यासाठी आयुष्यातलं दुसरं मोठं खोटं बोलून टाकलं.

"उंच आहेत," ते म्हणाले. "चांगल्या उंच. लंबी."

"लंबी! तो ऐसे बोलो ना!" पहलाजनं आकडीनं एक खुर्ची उतरवली. लांब सीट, उंच पाठ, पायठेवणी थेट खाली. "छे फुट का आदमी आराम से बैठेगा." चंदरभाऊंनी रुंदीला टेप लावला. खड्ड्यापेक्षा थोडी कमी भरत होती. पण उंच बाईंना रुंदी कशाला, असं पहलाजनं विचारलं आणि चंदरभाऊंना स्वतःच्याच साक्षीविरुद्ध बोलता येईना.

वेणूबाईंची उंची, सांगून ठेवतो, चंदरभाऊंच्या खांद्यापर्यंत होती.

खुर्ची घरी आली. वेणूबाईंनी ती चहूबाजूंनी पाहिली. मग पदर खोचला, दिवाणाचा आधार घेतला आणि बसल्या. म्हणजे बसण्याचं काम सुरू केलं. ते पूर्ण व्हायला थोडा वेळ लागला. दोन्ही बाजूंच्या पत्र्यांनी त्यांना असं धरलं की जणू आता सोडायचं नाही. सीट एवढी लांब की पाठ टेकवली तर पुढची कड गुडघ्यामागे रुते, आणि पुढे सरकलं तर पाठीला टेकायला काही नाही. पाय खाली लोंबत होते, जत्रेत पाळण्यात बसलेल्या मुलीसारखे.

"कशी वाटते?" चंदरभाऊंनी विचारलं.

वेणूबाई उत्तर द्यायला उठल्या. खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली.

कल्पेशनं मागून खुर्ची धरली, जिज्ञासानं पुढून हात धरले आणि दोघांना वेगळं केलं. वेणूबाई दिवाणावर जाऊन खिडकीकडे तोंड करून बसल्या. चंदरभाऊंना नोकरीतले सगळे भंगारात टाकलेले बोल्ट एकदम आठवले आणि त्यांच्यातल्या एकेकाची मनातल्या मनात माफी मागावीशी वाटली. नाही बसला म्हणजे बोल्ट वाईट, हे त्यांनी कधी तपासूनच पाहिलं नव्हतं. गेज चुकलेलं असलं तर?

मध्यंतरी दुसरीही एक आघाडी उघडली होती. घर तळमजल्यावर होतं, पण सोसायटीच्या प्रवेशदाराला पायऱ्या होत्या. चंदरभाऊंनी सेक्रेटरी गुरुदत्तकडे रॅम्पसाठी रीतसर अर्ज दिला. गुरुदत्त तरुण होता, पण नोटिशीची भाषा त्याला जन्मजात येत असावी.

"काका, भावना पोचल्या. पण रॅम्प केला की डिलिव्हरीवाले बाइक थेट लिफ्टपर्यंत आणणार. जनरल बॉडीत ठेवावं लागेल."

"आपल्याकडे लिफ्ट आहे कुठं?"

"आली की म्हणतोय मी."

मग धोंडिबांनी शोध लावला की रॅम्प आधीपासूनच आहे. बिल्डरनंच केलेला. पायऱ्यांच्या शेजारी, शोभेच्या कुंड्यांच्या रांगेखाली. कुंड्या म्हणजे 'सुशोभीकरण', आणि सुशोभीकरणाचा ठराव कमिटीनं एकमतानं केलेला असल्यामुळे तो रद्द करायला पुन्हा जनरल बॉडी. चंदरभाऊ रोज जाता-येता त्या कुंड्यांकडे बघत. मनीप्लांट त्यांच्याकडे बघून हलल्यासारखा करी.

पहिली खुर्ची परत न्यावी तर पहलाजच्या भिंतीवर 'बिका हुआ माल वापस नहीं' अशी पाटी होती. चंदरभाऊंनी निश्चय केला, आता शब्द वापरायचेच नाहीत. दुकानात जाऊन त्यांनी नुसता हात पसरून वर बोट केलं. "सगळ्यात मोठी."

"लंबी वाली को चौड़ी मांगता?" पहलाजनं डोळे बारीक केले. "साईं, घर में कितनी बाई है?"

चंदरभाऊंनी पुन्हा हात पसरून दाखवला. पहलाजनं गोदामातून जी काढली ती खुर्ची नव्हती, तो चाकांवरचा ओटा होता. कोण कोण तिच्यावर बसू शकेल हे त्यानं एका जनावराचं नाव घेऊन सांगितलं. ते वाक्य चंदरभाऊंनी दुकानातच ठेवलं आणि खुर्ची टेम्पोत घातली.

ती घराच्या दारातून आत गेली नाही. आडवी केली, तिरकी केली, धोंडिबांनी पार्सल खात्यातले सगळे कोन वापरून पाहिले. शेवटी ती पॅसेजमध्येच राहिली. पहिल्या दिवशी मुलांनी तिच्यावर अभ्यास केला. दुसऱ्या दिवशी कोणीतरी टॉवेल वाळत घातला. तिसऱ्या दिवशी गुरुदत्तची नोटीस लागली: 'सामाईक जागेत वाहन उभे करू नये.'

नोटीस वाचायला म्हणून वेणूबाई भिंत धरत दारापर्यंत आल्या. बारशानंतर पहिल्यांदाच. उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि खुर्चीत बसल्या. या वेळी कुठलाच पत्रा लागला नाही. उलट दोन्ही हात पसरले तरी चाकांना पोचेनात. आधार शोधत त्या हळूहळू एका बाजूला कलल्या.

"जागा उरतेय," धोंडिबा म्हणाले, आणि किती उरते ते शास्त्रीय पद्धतीनं दाखवण्यासाठी बाजूला जाऊन बसले. दोघंही आरामात मावले. "बघा! अजून पिशवी राहील."

"कांबळेकाका, उठा," जिज्ञासा म्हणाली. मग ती चंदरभाऊंकडे वळली. एवढ्या दिवसांत प्रथमच तिचा आवाज चढला होता. "बाबा, बसल्यावर कमरेची रुंदी, आणि दोन्हीकडे हाताचा तळवा जाईल एवढी मोकळी जागा. पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या वळीपर्यंत लांबी, त्यातनं थोडी सोडायची म्हणजे रुतत नाही. पाय पूर्ण टेकले पाहिजेत. खुर्ची किती वजन पेलते ते कंपनीनं लिहिलेलं असतं. आणि आपले दरवाजे. दरवाजे मी मोजून ठेवलेत. बाकीचं एकाच माणसाला माहीत आहे आणि त्या माणसाला आपण सोडून सगळ्यांना विचारलंय."

पॅसेजमधले सगळे वेणूबाईंकडे बघू लागले, आणि या वेळी दुसरीकडे कोणी बघितलं नाही.

वेणूबाईंनी कललेलं अंग सरळ केलं. "सारी घ्यायला मी जातंय," त्या म्हणाल्या. "पाटल्या घ्यायला मी जातंय. पापलेट घ्यायला मी जातंय, तं पापलेटाचा कल्ला उघरून बघतंय. आनी जिच्यान मना दिवसभर बसाचाय, ती गारी तुमी माझे पाठीमागं आनताव? चोरून? ढेकनाचा नाव सांगून?"

"वेणू, तुला वाईट वाटेल म्हणून..."

"मी जारी हाय ह्या मना ठाव नाय, असा वाटला तुमाना?"

'जाडी' हा जो शब्द चंदरभाऊंनी चाळीस वर्षं घरात येऊ दिला नव्हता, तो तिनंच सहज, मेथीची जुडी खाली ठेवावी तसा मध्ये ठेवला. छत कोसळलं नाही. वरच्या मजल्यावर कोणाचा तरी कुकर शिट्टी देऊन गप्प झाला, एवढंच.

"मना दुकानान न्या," वेणूबाई म्हणाल्या.

त्याच खुर्चीतून त्यांना फाटकाकडे आणलं. पायऱ्यांपाशी गुरुदत्त उभाच होता, मोबाइलवर कायदा शोधत. वेणूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि हळदीच्या मांडवात शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो तो आवाज किंचित वापरून म्हणाल्या, "गुरुदत्तभाऊ, त्या कुंड्या जरा सरकव रं बाला."

गुरुदत्तनं कुंड्या सरकवल्या. आजवर त्यानं वेणूबाईंबद्दल अर्ज वाचले होते, त्यांचा आवाज ऐकला नव्हता. शेवटची कुंडी उचलताना तो चंदरभाऊंना म्हणाला, "जनरल बॉडीत मांडतो नंतर, मागच्या तारखेनं."

टेम्पोत मागे दोन्ही खुर्च्या, जिज्ञासा आणि पिशव्या. पुढे ड्रायव्हरशेजारी वेणूबाई आणि दाराला चिकटून उरलेल्या जागेत चंदरभाऊ. वेणूबाईंनी काच पूर्ण खाली करायला लावली. रस्त्यात काहीही पाहण्यासारखं नव्हतं. त्या सगळं पाहत होत्या. कोणाचं दुकान बंद झालं, कुठं नवा टॉवर उभा राहिला, कुठल्या वळणावरचं चिंचेचं झाड गेलं, याची त्या एकेक नोंद मोठ्यानं घेत होत्या, आणि चंदरभाऊ प्रत्येकाला "हो" म्हणत होते. अंबरनाथला कारखान्याचं फाटक मागे पडताना त्या म्हणाल्या, "हय ना तुमचे बोल्ट?"

"इथंच."

"एकदा पन मना दाखवला नाय."

बोल्टात पाहण्यासारखं काय असतं, असं चंदरभाऊ म्हणणार होते. पण तिनं दोन महिन्यांनी रस्ता पाहिला होता आणि आता तिला बोल्टही पाहायचा होता. त्यांनी रुमाल काढून नाकाला लावला. टेम्पोत धूळ फार होती.

कॅम्प चारला पहलाज बाहेर आला. त्यानं आधी टेम्पोतल्या खुर्च्या पाहिल्या, मग उतरणाऱ्या वेणूबाईंना पाहिलं, वरपासून खालपर्यंत, मग आडवं, आणि शेवटी अत्यंत दुःखानं चंदरभाऊंकडे पाहिलं.

"साईं. ये लंबी है?"

"काय सांगला व्हता तुमी?" वेणूबाईंनी विचारलं.

चंदरभाऊंनी टेप खिशातून काढला, पुन्हा खिशात घातला. "उंच," ते पुटपुटले. "उंच आहेत म्हणून सांगला."

मोठी माणसं घाबरली की लहानपणच्या बोलीत शिरतात.

वेणूबाई क्षणभर नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या खांद्यांपासून एक हसू निघालं, ते पोटापर्यंत गेलं आणि तिथून मोठं होऊन वर आलं. त्यांना कुबड्यांच्या स्टँडचा आधार घ्यावा लागला. "उंच!" त्या म्हणत आणि पुन्हा हसत. "अवो, मना उंच बोलनारा जगान ह्यो एकच बापया!" पहलाज हसला, जिज्ञासा हसली, गल्ल्यावरच्या म्हातारीनं माळ थांबवून काय झालं ते सिंधीत विचारून घेतलं आणि मग तीही हसली. चंदरभाऊ एकटेच गंभीर राहिले. पण त्यांना आतून बरं वाटत होतं. हे हसू त्यांनी बारशानंतर ऐकलं नव्हतं.

मग खुर्च्या निघाल्या. जिज्ञासानं टेप धरला, वेणूबाईंनी स्वतः हात वर केले, "घे, नीट घे, लाजू नको" म्हणत माप दिलं. पहलाजनं त्या हिशेबात बसणाऱ्या दोन-तीन खुर्च्या मांडल्या. आकड्यांवरून सगळ्या सारख्याच वाटत होत्या.

"आता यातली बरी कुठली?" चंदरभाऊ म्हणाले.

"थांबा," म्हणून वेणूबाई पहिलीत बसल्या, डोळे मिटले आणि गायला लागल्या.

दुकान थबकलं. चंदरभाऊंना वाटलं, उन्हानं काही झालं की काय. पण वेणूबाई एक ओळ म्हणून थांबल्या आणि हातांच्या दांड्यांवर बोट ठेवून म्हणाल्या, "यो दांडा वर हाय. खांदे वर चरतात. सूर अर्ध्यान अरकतो." दुसरी खुर्ची. पुन्हा तीच ओळ. "हिची पाठ मागं परते. झोपून गाना व्हत नाय." पहलाज आता हातातलं सगळं टाकून पाना-पक्कड घेऊन आला. तिसऱ्या खुर्चीचे दांडे त्यानं एक घर खाली घेतले, पायठेवणी वर चढवली, उशी घातली. वेणूबाई बसल्या. पाठ टेकली, पाय टेकले, दोन्ही बाजूंना तळवा घालून पाहिला. मग पोटातून एक लांब श्वास घेतला.

*"मांडवाचे दारी बाय चाकांची गारी आली,*
*गारीन कोन गो बसली?*
*नवरीची आत्या बसली, जागा तिना पुरली..."*

हे धवलं कोणी कधी ऐकलेलं नव्हतं, कारण ते तिथंच तयार होत होतं. आवाज कुबड्यांमधून, कमोडच्या खुर्च्यांवरून, टांगलेल्या चाकांना हलवत रस्त्यावर गेला. समोरच्या साड्यांच्या दुकानातली गिऱ्हाइकं साड्या खांद्यावर तशाच टाकून आली. एक रिक्षावाला मीटर चालू ठेवून उतरला. आणि धवलं संपतंय तोच गल्ल्यामागून दुसरा, थरथरता आवाज आला. पहलाजची आई लाडा म्हणत होती, म्हणजे सिंध्यांच्या लग्नातलं गाणं. तिला वाटलं असणार, कोणाचं तरी लग्न निघालंय आणि आपल्याकडून कोणीच गात नाही, हे बरं दिसत नाही. वेणूबाईंना त्यातला एक शब्द कळला नाही. त्यांनी टाळी धरली.

पहलाजनं 'वापस नहीं'ची पाटी भिंतीकडे तोंड करून लावली आणि दोन्ही जुन्या खुर्च्या आत घेतल्या. "साईं," तो चंदरभाऊंना म्हणाला, "चालीस साल धंदा किया, गाके किसीने चेक नहीं किया."

उन्नतीच्या हळदीच्या दिवशी सकाळी खरवईला मांडवात बायका हळद दळायला बसल्या होत्या. वेणूबाई स्वतः चाकं फिरवत आल्या. हात बरोब्बर पोचत होते. भाऊ धावला, पण खुर्चीला हात लावायची त्याला गरज पडली नाही, म्हणून तो नुसताच बाजूनं चालत राहिला आणि उपरण्यानं डोळे पुसत राहिला.

अडचण आलीच. एका वयस्कर चुलतीनं बोट वर केलं. "द्येव पाटावर खाली, आनी धवलारीन खुर्चीवर वर? असा कोनी बघितलंय?" मांडव विचारात पडला. खुर्ची बुटकी करता येत नव्हती. मग कोणीतरी कोल्ड्रिंकचे क्रेट आणले, त्यावर चौरंग, चौरंगावर पाट, पाटावर देव. देव वेणूबाईंच्या वर गेले. चुलतीनं लांबून, जवळून, वाकून पाहिलं आणि मान डोलावली.

वेणूबाई गायल्या. जात्याची घरघर खालून, आवाज वरून. उन्नती हिरव्या चुड्यात पाटावर बसली होती. आत्याचा पहिला सूर लागला तशी तिनं मान खाली घातली आणि ती वर केलीच नाही. बँजोवाल्यांनी वाद्यं मांडीवर ठेवून दिली. फोटोग्राफर आणि व्हिडिओवाला सोडले तर सगळे जागच्या जागी होते.

चंदरभाऊ खुर्चीच्या मागे, दोन्ही मुठी धरून उभे होते. धरायची आवश्यकता नव्हती, ब्रेक लावलेला होता. पण हे सगळं कोणी घडवून आणलं हे लोकांना दिसावं, असं त्यांना वाटत होतं. त्यांचं मन भरून आलं होतं. संध्याकाळी सगळे जमले की दोन शब्द बोलावेत, माइक असेलच, असा विचार करून ते मनात वाक्यं जुळवू लागले. जगात पास आणि भंगार असे दोनच ढीग नसतात, इथून सुरुवात करावी...

दोन धवल्यांच्या मध्ये वेणूबाईंनी मान किंचित मागे केली आणि बोटानं त्यांना जवळ बोलावलं. चंदरभाऊ वाकले. संसारात काही गोष्टी बोलायच्या राहून जातात, त्यांना शेवटी अशीच एखादी जागा सापडते. त्यांनी कान तिच्या तोंडाशी नेला. त्यांचे डोळे आधीच ओले झाले होते.

"जरा बाजूला व्हा," वेणूबाई कुजबुजल्या. "इडिओन माझे डोक्यामागं तुमचा पोट येतंय."